साहेबांच्या हातचा कडुनिंब

मी उगाच चिडतो म्हणता ना, मग आमच्या टेकडीचं ऐका. दौंडला खेटून तेवढीच एक हिरवी टेकडी उरली आहे, आणि ती फोडून खडी काढायला एक कंपनी निघाली. तिचे साहेब पाहणीला येणार म्हणून मी निषेधाचे फलक रंगवून पोचलो, तर आमचे म्होरके आप्पा शाल-नारळ घेऊन उभे!

“आप्पा, विरोध करायचाय की सत्कार?”

“पाव्हणा हाय तो. तू जरा दम धर.”

सत्कार झाला. मग आप्पा म्हणाले, “साहेब, तुमच्या हस्ते एक झाड होऊन जाऊ द्या.” शाल पांघरलेल्या साहेबांनी, जिथं पहिला सुरुंग लागणार होता, नेमका तिथंच हसतहसत कडुनिंब लावला. लगेच शेजारी तयार बोर्ड ठोकला गेला: ‘टेकडी बचाव आंदोलन’, आणि खाली साहेबांचं नाव. फोटो दुपारपर्यंत गावभर फिरले.

संध्याकाळी साहेबांचा फोन आला. “अहो, बोर्ड काढा! वरचे मला जाब विचारतायत.”

“आता कसं काढायचं साहेब?” आप्पा शांतपणे म्हणाले. “तुम्ही आंदोलनात आलाय. येत्या रविवारी पाणी घालायची पाळी तुमची हाय.”