आठ सुतांचा इंच

—नाही, पडलं-बिडलं नाही ते. तुम्ही तेच पुन्हा विचारताय. पाणी सांडलं नाही, वायर कुणी कुरतडली नाही. आतूनच बिघडलंय. मापं चुकवतं, मी सांगतो ना! बसा, उघडून बघा. खुर्ची डुगडुगणार नाही, मी केलेली आहे. हो, फोन मीच केला होता. मुलाला माहीत नाही, सुनेलाही नाही. मशीन तिचं आहे, पण घरात थोरला मी आहे. दुरुस्तीला माणूस बोलवायला मला कुणाला विचारावं लागत नाही.

काय चुकवलं? कपाट चुकवलं, अख्खं. आमची सून या कॉम्प्युटरवर कपाटांची चित्रं काढते – गिऱ्हाइकाच्या घरी माप घ्यायचं, इथे काढायचं, कारखान्याला पाठवायचं. ते त्याच आकड्यांवर फळ्या कापतात, मुलगा नेऊन बसवतो. आजवर एक फळी परत आली नाही. आणि परवा एका घरी भिंतीपासून भिंतीपर्यंत आठ फुटांचं कपाट उभं केलं, तर कडेला पाच इंचांची फट! गिऱ्हाइकाची बायको म्हणते, "वा, झाडू ठेवायची सोय पण केलीत." मुलाचा चेहरा उतरला. सगळ्यांदेखत सुनेला बोलला – काय बोलला ते तुम्हाला कशाला सांगू, माझाच मुलगा आहे, जीभ माझ्यावर गेलीय. ती एवढंच म्हणाली, "चूक माझीच. पाठवायच्या आधी पुन्हा बघायला हवं होतं." मी तिथेच होतो. पाणसळ धरून उभा होतो. पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध होता.

तेव्हापासून ती याला शिवलेली नाही. वर फडकं टाकलंय, आत्ता तुम्हीच काढलंत. आज कापडाच्या दुकानात विचारायला गेलीय, काउंटरवर उभं राहायचं काम आहे म्हणे. मुलगा म्हणतो, मशीन विकून टाकू. म्हणून तुम्हाला बोलावलं. तुम्ही मुलाला एवढंच सांगायचं – मशीन बिघडलं होतं, आता नीट केलंय. संपलं. तिची चूक नाही, कुणाचीच नाही, काम पुढे चालू.

बिघाड नाही? नीट बघा. अहो, चालतंय ते मलाही दिसतंय, मला चालवता येतं – हसू नका. शाळा माझी चौथीपर्यंत, पण दुपारी ती मला या खुर्चीत बसवायची. "अप्पा, या, हात बसवा," म्हणायची. ती जाळी आहे ना, ग्रिड म्हणते ती, तीसुद्धा तिनेच दाखवली. कोऱ्या पडद्यावर हात भरकटतो, म्हणून आधी जाळी अंथरायची. एका रेघेपासून पुढची रेघ किती लांब, ते आपण ठरवायचं. ती पाच मिलिमीटर ठेवते. मग काहीही ओढा, टोक खटकन जाळीच्या कोपऱ्याला जाऊन चिकटतं, अधेमधे राहत नाही. मला ते पटलं. हे वळण हाताला लागावं म्हणून माझ्या वस्तादाने माझ्या बोटांवर पट्टी मोडली होती, आणि इथे बोट टेकलं की झालं.

काय? जाड रेघ? हो, मोजायला सोपं जावं म्हणून मधूनमधून एक जाड असते. दर आठवी. मग? त्यात बघण्यासारखं काय आहे, आठवीच असणार – आठ सुतांचा इंच—

तिच्या बाकीच्या चित्रांत दहावी असते होय.

असते. दहावीच असते. पाचाच्या जागी पाच आठवणीने परत घातलं मी. हे आठाचं दहा करायचं राहिलं.

मान वर करू नका, तिकडेच बघा. बिघडवलं नाही मी. सुधारलं. ऐका. मला मिलिमीटर कळत नाही, जन्म सूत-इंचात गेला. ती माहेरी जायला निघाली होती, पिशव्या भरत होती, आणि हे चित्र इथे उघडं होतं. म्हटलं, आपल्या मापाने एकदा तपासावं. पाच काढलं, तीन घातलं. तीन मिलिमीटर म्हणजे एक सूत, कुठल्याही दुकानात विचारा – तीनची फळी एक सूत, सहाची दोन सूत. दर आठवी रेघ जाड केली, म्हणजे झाला इंच. आणि मोजत गेलो. आठ फुटांचे शहाण्णव इंच, तर हिचं कपाट पाच इंच पुढे! भिंतीत घुसत होतं. भिंत मी स्वतः मोजलेली, टेपचं दुसरं टोक माझ्या हातात होतं. मग काय करणार? हाक मारून सांगायचं? नवऱ्यासमोर, जायच्या घाईत? म्हटलं, कशाला तिला कमीपणा. कड धरली, आत ओढली, खटकन बसली. सासऱ्याने सुनेची चूक झाकली, आणि कुणाला कळलं नाही. त्या दिवशी मी जेवताना दुसऱ्यांदा भात मागून घेतला, आता सांगायला काय. तिने जाता जाता ते पाठवून दिलं.

पण माझं माप बरोबर होतं! म्हणून म्हणतो, मधे मशीननेच काहीतरी—

कोण म्हणतं? तुम्हाला काय माहीत सूत किती असतं? रंधा कधी हातात धरलाय? बरं. अठराची फळी घ्या. अठराची म्हणजे पाऊण इंच, पाऊण इंच म्हणजे सहा सूत. सहा त्रिक अठरा. आहे ना बरोबर? आता आठ सूत करा. आठ त्रिक—

तो मोबाइल ठेवा. मला येतं.

चोवीस.

आणि इंच पंचवीसचा. वर थोडा.

प्रत्येक इंचाला एवढं. शहाण्णव वेळा.

नाही, पाणी नको.

म्हणजे तिचं बरोबर होतं. माझ्या हातून गेलं, आणि मी पाणसळ धरून उभा राहिलो. तेव्हा मला वाटलं होतं, मशीनच लबाड. असंच वाटलं होतं – नाही, पूर्ण नाही. फट पाहिली तेव्हाच शंका आली होती. पाच इंच आत ओढले आणि पाच इंच कमी पडले, हे कळायला चौथी पुष्कळ झाली. तरी तोंड उघडलं नाही. ज्या मुलाला मी माप शिकवलं, त्याच्यासमोर कसं उघडायचं?

थांबा. जिन्यात तीच आहे. दर मजल्यावर थांबते, गुडघा दुखतो तिचा. दुकानात दिवसभर उभी राहणार म्हणे!

पिशवी आवरा. मुलाला फोन करू नका, मशीन नीट आहे. काय करताय? हात काढा! त्या आठाचं दहा करू नका. ते तसंच राहू द्या आणि पडदा चालू ठेवा. माझ्या तोंडून शब्द फुटला नाही, तर तिला ते तरी दिसेल.

उठा. त्या खुर्चीत ती बसेल. आणि जाताना दार लावू नका.