शेवटची पेटी, आपल्याच गल्लीची

सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी मतमोजणीची नववी फेरी संपली. वीस वर्षं फौजेत आणि पाच वर्षं नगरसेवक राहिलेले फौजी एकेचाळीस मतांनी मागे होते. एकच पेटी उरली होती, त्यांच्या स्वतःच्या गल्लीची. दाराशी उभ्या शिपायाला बाहेरच्या बाकावर बसलेल्या दोघींचं बोलणं ऐकू येत होतं. एक फौजींची बायको होती, दुसरी शेजारीण.

"वहिनी, आता आपली गल्लीच तारेल."

"तारतेय कसली. सगळ्या वॉर्डात नळ आले, आपल्याकडे मागच्या महिन्यात."

"भावजींना कधी विचारलं नाहीत?"

"विचारलं ना. म्हणे, पलटणीत साहेब सगळ्यांच्या शेवटी जेवतो."

"साहेबानं जेवावं की शेवटी. पण त्याच्यापायी आम्ही का उपाशी?"

"हेच म्हटलं मी."

"मग?"

"दुसऱ्या दिवसापासून टँकरवर स्वतः बादल्या भरायला लागले."

"ते पाहिलंय. गुडघ्यात गोळी लागलेला माणूस, पण तुमच्याआधी माझ्या सासूबाईंची बादली उंबऱ्याशी ठेवायचा."

"सासूबाईंनी मत कुणाला दिलं?"

"पत्ता लागू देतील तर शपथ. पण परवा म्हणाल्या, खुळा आहे, पण आपला आहे."

"अशा किती सासवा असतील गल्लीत?"

"बेचाळीसची आघाडी हवी, वहिनी. मी घरं मोजत बसलेय."

दार लावून घ्यायचा हुकूम होता. शिपायानं ते अर्धंच लोटलं.

अकरा चाळीसला पेटीचं सील तुटलं.