निळ्या शाईची रेघ

श्रीराम : पाणी वीस मिलीच घातलंयस ना? नीट बघ हं, रेघेच्या वर नको.

शैला : अहो, रेघ मीच काढलीये. नेलपॉलिशनं. खालची वीसची, वरची शंभरची.

श्रीराम : बरं बरं, मॅडम. शाई?

शैला : घातली. एक थेंब.

श्रीराम : आता मोटारसायकलच्या टाकीतलं पेट्रोल, वरच्या रेघेपर्यंत. झालं. बूच लाव आणि हलव. काय टेस्ट आहे यार! ऑफिसात त्र्यंबकला सांगितलं, तर म्हणतो, तुझी बायको गॅरेजमध्ये लॅब चालवते की काय!

शैला : लॅब कसली. खोकल्याच्या औषधाची बाटली आहे.

श्रीराम : तेच गं. हलव ना.

शैला : यंदा नाही केली तर? पेट्रोल तुम्ही नेहमीच्याच पंपावर भरता.

श्रीराम : कमाल आहे! पंपावरच्या पाटीवर विश्वास ठेवू नका, हे गेल्या वर्षी कोण म्हणालं होतं? या इलिनॉयमध्ये जो तो पेट्रोलमध्ये मक्याचं अल्कोहोल ओततोय. गॅसोहोल म्हणे. ते हवेतलं पाणी ओढतं. हिवाळ्याचे पाच महिने टाकीत बसलं की पाणी तळाला जातं, टाकी गंजते, कार्ब्युरेटरचं वाटोळं. तूच समजावलं होतंस. मी फक्त पाठ केलं.

शैला : हात गारठलेत माझे. दार लावू का?

श्रीराम : नको, अजून इंजिन चालवायचंय. आण इकडे, मी हलवतो. हे बघ. आता दोन मिनिटं ठेवायची. पेट्रोल शुद्ध असलं तर निळं पाणी वीसवरच राहणार, अल्कोहोल असलं तर ते पाण्यात उतरून निळं वर चढणार. मग पेट्रोल टिकवायचं स्टॅबिलायझर ओतायचं, टाकी काठोकाठ भरायची, पाच मिनिटं इंजिन चालवायचं, कॉक बंद, बॅटरी बाहेर, वर चादर. एप्रिलपर्यंत बघायला नको.

शैला : एप्रिलपर्यंत.

श्रीराम : काय?

शैला : काही नाही. पाच महिने होतात.

श्रीराम : शैला.

शैला : हं.

श्रीराम : ही निळी रेघ वर आलीये. बघ ना! निळं वीसच्या वर गेलंय. किती असेल? पंचवीस?

शैला : पंचवीस.

श्रीराम : म्हणजे किती टक्के?

शैला : ऐंशीत पाच. सहा टक्क्यांच्या आसपास. गॅसोहोलमध्ये दहा असतं, म्हणजे टाकीत निम्म्याहून जास्त तेच आहे.

श्रीराम : तो पंपावरचा म्हातारा! तीन वर्षं त्याच्याकडे जातोय मी. दर वेळी विचारतो, नो अल्कोहोल? आणि तो छातीवर हात ठेवून सांगतो, नो सर. किल्ली कुठाय कारची? ही बाटलीच नेऊन दाखवतो त्याला.

शैला : आत्ता?

श्रीराम : मग कधी? शनिवार आहे, पाचपर्यंत असतो तो. चार लोकांसमोर विचारतो. तू पण चल, केमिस्ट्री तू सांग.

शैला : नका जाऊ.

श्रीराम : का नको? आपण इंडियन आहोत, गप्प बसू, असं वाटतं या लोकांना...

शैला : अहो, त्याच्याकडचं नाही ते पेट्रोल. मी भरलंय.

श्रीराम : तू? कशात आणलंस? डबा तर इथंच आहे.

शैला : डब्यात नाही. टाकीतच भरलं. पंपावर जाऊन.

श्रीराम : ही ढकलत नेलीस?

शैला : चालवत.

(वाऱ्यानं गॅरेजचं दार खडखडतं. कोणीच ते धरत नाही.)

श्रीराम : चेष्टा करतेस.

शैला : नाही. तुम्ही ठेवायचात तेवढीच टाकी परत भरून ठेवायचे मी. मक्याच्या शेतांत एकच पंप आहे, आणि त्याच्याकडे तेच मिळतं. माहीत होतं मला. पण रिकामी टाकी घेऊन घरी येता येईना.

श्रीराम : मक्याची शेतं? कुठली?

शैला : डिकाल्बच्या अलीकडे.

श्रीराम : डिकाल्ब चाळीस मैल आहे इथून!

शैला : एकेचाळीस. रूट बहात्तरनं जायचं आणि मग खाली वळायचं.

श्रीराम : आणि मैल मोजायच्या मीटरची केबल तुटलीये, असं मला सांगून... तुझ्याकडे लायसन्स तरी आहे का?

शैला : आहे. जूनमध्ये मिळालं. कम्युनिटी कॉलेजात फुकट कोर्स होता, मोटारसायकली त्यांच्याच. समोरची रेखा सोडायची मला.

श्रीराम : कारचं लायसन्स नाही, आणि मोटारसायकलचं आहे?

शैला : कार तुमच्याबरोबर ऑफिसला जाते. ही घरी असते.

श्रीराम : हेल्मेट?

शैला : तुमचंच.

श्रीराम : तरीच! दर रविवारी पट्टा घट्ट लागायचा. मला वाटलं, मान जाड झाली माझी. किती वेळा गेलीस?

शैला : अकरा.

श्रीराम : अकरा वेळा! आणि पडली असतीस म्हणजे?

शैला : एकदा पडले. जुलैत.

श्रीराम : ते कोपर... तू म्हणालीस, ओव्हनची कड लागली.

शैला : हो. तुम्ही त्यावर बर्फ धरून बसला होतात तासभर. तेव्हाच सांगणार होते. मग दसऱ्याला सांगणार होते. तुम्ही हिला हार घातलात, मला म्हणालात, तूच लाव कुंकू, लक्ष्मीच्या हातचं लागू दे. कुंकू लावताना वाटलं, आता बोलावं. पण तुम्ही फोटो काढत होता.

श्रीराम : डिकाल्बला आहे काय पण?

शैला : युनिव्हर्सिटी.

श्रीराम : म्हणजे?

शैला : केमिस्ट्री डिपार्टमेंट. आधी नुसती लायब्ररीत बसायचे. मग एका प्रोफेसरबाईंना भेटले. त्यांनी माझी एम. एस्सी.ची मार्कशीट बघितली, फॉर्म दिला. परीक्षा घेतली. ऑक्टोबरात पत्र आलं.

श्रीराम : कुठाय पत्र?

शैला : तुमच्या या मोटारसायकलच्या मॅन्युअलमध्ये होतं. तुम्ही ते वर्षातून एकदाच उघडता. आज सकाळी काढून स्वेटरच्या खिशात ठेवलं.

श्रीराम : दे. ... टीचिंग असिस्टंटशिप. फी माफ. सोळा जानेवारी, चौऱ्याऐंशीपासून. हे तर मिळालंय तुला.

शैला : हो. एक डिसेंबरच्या आत होकार पोहोचायला हवा. लिहून ठेवलाय, स्टॅम्पही लावलाय. टाकलेला नाही.

श्रीराम : का?

शैला : तुम्हाला विचारल्याशिवाय टाकवेना. आणि विचारलं की तुम्ही काय म्हणणार, तेही माहीत होतं.

श्रीराम : काय म्हणणार होतो मी?

शैला : म्हणा ना.

श्रीराम : हे बघ, मी नाही म्हणत नाहीये. पण जानेवारीत? बर्फात मोटारसायकल चालत नाही. कार एकच. आणि तुला अकरा वेळा जाऊन आल्यावर सांगायचं सुचतंय, तेही बाटलीनं पकडल्यावर! मला जरा विचार करू दे. स्प्रिंगला बघू. बर्फ वितळू दे, मग नीट...

शैला : हेच.

श्रीराम : काय हेच?

शैला : कार शिकायचं स्प्रिंगला बघणार होतो. ते गेल्या वर्षीचं. नोकरीचं त्याच्या आदल्या वर्षी. तुम्ही वाईट नाही हो, म्हणून तर भांडताही येत नाही. तो स्टॅबिलायझरचा डबा आहे ना, त्यावर लिहिलंय, पेट्रोल एक वर्ष टिकतं. त्यापुढचं काही लिहिलेलं नाही. मी वाचलंय सगळं. दिवसभर घरात वाचायला दुसरं असतं काय?

श्रीराम : राहणार कुठे तू?

शैला : नागपूरची पद्मिनी म्हणून एक मुलगी आहे तिथं, तिच्या खोलीत. सोमवार ते शुक्रवार. शुक्रवारी रेखाची नणंद तिकडून गाडीनं येते, तिच्याबरोबर मी घरी.

श्रीराम : सगळं ठरवलंयस.

शैला : हो. एक सोडून.

श्रीराम : ही टाकी अशी ठेवता येणार नाही. रिकामी करू आधी. नळी दे. डबा धर खाली. वाकडा नको.

शैला : धरलाय.

श्रीराम : हे कारमध्ये ओतू. कारला चालतं.

शैला : आणि नवीन?

श्रीराम : आणतो त्या म्हाताऱ्याकडून. बरं झालं, भांडायला गेलो नाही. ... वेगात कंप नाही ना देत? पंचावन्नच्या पुढे?

शैला : साठला देते. डाव्या पायाखाली.

श्रीराम : हो. तिथंच. मला वाटायचं, मलाच वाटतं.

शैला : डबा भरत आला.

श्रीराम : कॉक बंद करतो. तो पाना दे, बॅटरी काढून घेऊ. ही खाली बेसमेंटमध्ये, नेहमीच्या जागी ठेव. डिसेंबरमध्ये एकदा चार्ज करशील ना?

शैला : करीन.

श्रीराम : आणि जानेवारीत?

शैला : जानेवारीत तुम्हाला करावी लागेल. लाल वायर आधी लावायची.