धोतरावरची राणी

…चाळीस मानसं, ऐंशी पाय, अन् नाव फक्त माह्या पायाचं? यात माही का चूक, तुमीच सांगा!

तुमाले सांगतो, आमचे शालिकराम काका बारा वर्सं झाले, मंडईच्या, म्हंजे दिवाळीनंतरच्या जत्रेच्या, नाटकात राणी बनतेत. दिवसभर धानाच्या बांधीत चिखल तुडवनारा मर्द मानूस, पन लुगडं नेसून राजाले निरोपाचं गानं म्हनलं का बाया तं सोडा, पोलीस पाटीलही रडते! अन् आता आमचे गुणवंतराव, नाटक मंडळाचे मालक, ब्रह्मपुरीहून त्याच नाटकाचा सिनेमा घेऊन आले. दाखवाचा कुठी? तं आमच्याच घरी! काऊन, तं आमच्या धानाच्या खोलीले खिडकी नाई, भरदुपारी अंधार. अन् पडदा? काकाचंच पांढरं धोतर! आपल्याच धोतरावर दुसरी राणी… तेबी खरीखुरी बाई!

गुणवंतराव म्हनते, "पाहून घे गा, शालिक. औंदा अशीच बाई आनतो नागपूरहून. इंग्रज गेले, मालगुजारी गेली, आता लुगड्यातला मर्द कोन पायते?"

काका म्हनले, "हूं."

बारा वर्सं गानारा मानूस… अन् नुस्तं हूं! मंग म्या चूप बसाचं? यात माही का चूक, सांगा!

सिनेमावाल्याचं विजेचं इंजन धडधडलं, धोतरावर राणी गाऊ लागली. का गाते, का गाते! लोकं ओरडले, "वन्समोर!" पन ते आयकतच नाई, गेली सरळ महालात! आमचे म्हातारे दादाजी धोतरापुढं हात जोडून उभे, "बाई, एक खेप अजून म्हना ना…" बाई नाईच आली. म्हातारा भडकला, "एवढा कायचा गर्व वो? आमचा शालिक तं चार खेप म्हनते!"

तेवढ्यात निरोपाचं गानं आलं, अन्… आवाजच बंद! राणी तोंड हालवते, भोंगा चूप. सिनेमावाला कंदील घेऊन तार शोधते, "तार कोनं ओढली बे?" तार असन कुठीतरी. असन माह्या पायाखाली. पन इतक्यात कोपऱ्यातून काकाच सुरू झाले! डोळे मिटून. ओठ राणीचे, गळा काकाचा… बायायनं पदर तोंडात कोंबले. "वन्समोर!" सिनेमावाल्याले रीळ मागं फिरवा लागलं. एक खेप नाई, तीन खेप! राजा तीनदा घोड्यावरून उलटा उतरला, काका आनखी तीनदा गायले.

मी म्हनलो, झालं! वाचले काका!

गुणवंतरावनं डोळे पुसले, नाक शिंकरलं. "नागपूरची बाई रद्द. आवाज शालिकचाच!"

काका उठून उभे झाले.

"पन तोंड…"

काका खाली बसले.

"तोंड आता कोवळंच पाहिजे गा, लोकायनं पायलं ना! शालिक मागून गाईन, समोर कोनीतरी ओठ हालवन." अन् चाळीस मानसं माह्याकडं पाहून राह्यले. "हा लटारू! मिशी नाई, अक्कलही नाई. मस्त राणी होते!"

यात माही… जाऊ द्या.

वाटलं, काका तरी नाई म्हनतीन. काका आत गेले, आपलं हिरवं लुगडं घेऊन आले, मले नेसवाले बसले. दोनदा निऱ्या सुटल्या. मी म्हनलो, "काका, मी जाऊन सांगतो त्याईले, राणी तुमीच!"

काकानं पदर माह्या डोक्यावर ओढला. म्हनले, "आवाज नोको काढू. नुस्तं तोंड हालव."