सावंतबाईंना पाठवलेला मेल

सावंतबाईंवर मी उगाच तोंडसुख घेतलं, ते तुम्हाला सांगायचंच राहिलं. मरोळच्या आमच्या ऑफिसातला प्रोग्रॅम एका डॉक्टरांसाठी कांदिवलीच्या लॅबच्या सर्व्हरकडून रिपोर्ट मागवतो. त्या दिवशी रिपोर्टऐवजी नुसते चौकोन आणि प्रश्नचिन्हं आली. संध्याकाळपर्यंत जमलं नाही तर डॉक्टर काम दुसऱ्याला देणार होते. मी लॅबच्या सावंतबाईंना खरमरीत मेल लिहिला, की तुमचा सर्व्हर कचरा पाठवतोय. कॉपी दोन्हीकडच्या साहेबांना.

बाईंचा फोन आला. "अहो, तुमची रिक्वेस्ट जाताना काय मागतेय ते एकदा बघा ना."

"रिक्वेस्ट बरोबरच आहे."

"मग बघायला काय हरकत आहे?"

बाहेर जाणारी रिक्वेस्ट मी ओळ न् ओळ छापून पाहिली. त्यात एक हेडर, म्हणजे सर्व्हरला दिलेली सूचना, होता: उत्तर जीझिपने आवळून, म्हणजे दाबून लहान करून, पाठवा. बाईंचा सर्व्हर इमानदारीत तसंच पाठवत होता. एरवी आमच्या प्रोग्रॅममधली तयार कोडची लायब्ररी हे स्वतःच मागते आणि आलेलं स्वतःच उलगडते. पण हेडर आपण हातानं घातला, की उलगडणंही आपल्यावरच सोडते. तो हेडर वेग वाढावा म्हणून आदल्या दिवशी मीच घातला होता. माझ्या वहीत तशी नोंदही होती; उलगडायचं मात्र राहून गेलं होतं.

ती ओळ काढली. रिपोर्ट स्वच्छ आले, काम वाचलं.

शेजारच्या नितीनने विचारलं, "काय रे, चूक सापडली?"

"सापडली."

"कोणाची?"

मी म्हटलं, "आधी सांग, गेलेला मेल परत घेता येतो का?"