जिन्यातला राउटर

तिकिटाची रांग हलत नव्हती, माझं डोकं तापलेलं. त्यात पुढच्या दादाचा फोन स्पीकरवर आणि पलीकडून त्याची बहीण ओरडतेय.

“दादा, वरच्या खोलीत वायफाय परत गेलं! नोकरीची मुलाखत सुरू होतेय रे!”

“जिन्यातला छोटा राउटर बघ. दिवा कुठला?”

“हिरवा... छे, लाल! अरे, तो जिन्यात नाहीच. बाबांनी माशांच्या टाकीमागे ठेवलाय.”

“का?”

“म्हणे, माशांना दिवा आवडतो.”

“अगं, एवढ्या पाण्यातून त्याला खालचा सिग्नल पोचणार कसा? उचल, जिन्यात लाव!”

“बाबा, सरका! लावला... लाल... अजून लाल... हिरवा! टिकला रे, टिकला!”

“मग पळ वर!”

फोन कट झाला. तिकीटवाला खिडकीतून वाकला.

“लागली का नोकरी?”

“अहो काका, तिला जिना तर चढू द्या!”