निरोप एक, निरोप दोन

हाटकेश भागातल्या आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरी काकांना मी एआय मदतनीस लावून दिला. त्याला दोन साधनं दिली: 'निरोप एक' चेअरमन सोडून कमिटीच्या तिघांना, 'निरोप दोन' अख्ख्या बिल्डिंगला. कुठलं कधी वापरायचं ते लिहा म्हटलं, तर काकांनी दोन्हींखाली लिहिलं, "निरोप पाठवणे."

"काका, यातून त्याला काय कळणार?"

"बाळा, वीस वर्षं नोटिसा काढतोय मी!"

दुसऱ्याच दिवशी त्यांनी त्याला सांगितलं, "आपल्या लोकांना कळव, चेअरमन टाकीच्या पाण्याने गाडी धुतात." बिल्डिंगभर गेलं. चेअरमन राजीनामा मागायला काकांच्या दारात!

मग काकांनी 'निरोप दोन'खाली सविस्तर लिहिलं, "कधीही वापरू नये."

आज दिवसभर पाणी नव्हतं; तसं कळवायला काकांनी मदतनीसाला कालच सांगितलं होतं. कमिटीच्या तिघांनी मात्र बादल्या भरून ठेवल्या होत्या.